बांबूच्या मागे गाय

इंग्रजी प्रिपोझिशन्स मी आयुष्यभर शिकवली, आणि ती कुणाला पक्की आली असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. आपली अडचण साधी आहे. आपण आधी वस्तू सांगतो आणि मग जागा तिच्या शेपटीला बांधतो: झाडाखाली, पेटीत, डोक्यावर. इंग्रजी माणूस आधी जागा अडवतो, वस्तू मागून आणतो. त्यात आपला एक 'वर' त्यांच्याकडे गेला की त्याची चार बिऱ्हाडं होतात, ऑन, ओव्हर, अबव्ह आणि ॲट, आणि कुठल्या घरी कुठली वस्तू राहते याला नियम आहेत असं पुस्तकात लिहिलेलं असतं. मी ती पुस्तकं वाचली आहेत. नियम संपले की अपवादांची यादी सुरू होते, आणि ती नियमांपेक्षा लांब असते.

बल्लारपूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयातून मी निवृत्त झाले. वडील शिंपी होते. खाणीतल्या आणि कारखान्यातल्या लोकांचे खाकी कपडे शिवायचे. घरात आम्ही उर्दू आणि हिंदीची खिचडी बोलायचो, गल्लीत मराठी, आणि पुढे पोट इंग्रजीने भरलं. निवृत्तीनंतर कुणी विचारणार नाही अशी माझी समजूत होती. पण जंगलाच्या कडेला पर्यटकांसाठी एक नवं गेट उघडणार होतं. तिथे आसपासच्या गावांतले गाईड लागणार होते आणि त्या गाईडांना इंग्रजी बोलता यायला हवं होतं. कुणीतरी माझं नाव सुचवलं. मी होकार दिला, कारण घरी बसून मी वर्तमानपत्रातल्या जाहिरातींच्या चुका काढत होते आणि ते लक्षण चांगलं नव्हतं.

बल्लारपूरहून पॅसेंजर गाडीने नागभीड, तिथून शेअरची काळीपिवळी, आणि शेवटचा तुकडा वनखात्याच्या जीपमधून. पहिल्या दिवशी प्रशिक्षणाचं उद्घाटन होतं. समई वाऱ्याने विझत होती, म्हणून चार माणसं तिच्याभोवती पाठ करून उभी राहिली, आणि वनखात्याच्या साहेबांनी त्या चार पाठींच्या आत हात घालून दीपप्रज्वलन केलं. फोटोत फक्त पाठी आल्या. भाषणात 'विश्वस्तरीय' हा शब्द इतक्यांदा आला की शेवटी मागच्या रांगेतला एक जण प्रत्येक वेळी मान डोलवू लागला. माझी ओळख करून देताना साहेबांनी माझं नाव वाचलं, मग माझे दोन शब्द ऐकले, आणि कौतुकाने म्हणाले, "मॅडम, तुमचं मराठी किती शुद्ध आहे!"

मी म्हणाले, "तुमचंही."

साहेब वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगून ठेवते. चांगली बदली मिळालेला, कामाचा उरक असलेला, पाहुण्यांना काय आवडतं याचा सतत विचार करणारा माणूस होता. जगातली बरीचशी पंचाईत अशाच माणसांमुळे होते.

वर्ग तिकीटघराच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत भरायचा. भिंतीवर एक भला मोठा रंगीत तक्ता होता. शाळेत प्रिपोझिशन्सचा जो तक्ता असतो त्यात एक मांजर असतं आणि एक खोका. मांजर खोक्यात, खोक्यावर, खोक्याखाली, खोक्यामागे. इथल्या कंत्राटदाराने प्रसंगाचं भान ठेवून मांजर काढलं होतं आणि वाघ बसवला होता. खोक्यात वाघ, खोक्यावर वाघ, दोन खोक्यांच्या मधोमध वाघ. खोक्यामागून डोकावणारा वाघ चक्क हसत होता.

शिकणारे बहुतेक तरुण पुरुष होते, बायका मोजक्या. सगळे दहावी-बारावीपर्यंत गेलेले, जंगलात वाढलेले. त्यांना इंग्रजी नवं नव्हतं. फक्त ते त्यांच्याशी कधी बोललं नव्हतं.

मी गेटापासून सुरुवात केली. 'आम्ही गेटवर आहोत' याचं सगळ्यांनी एका आवाजात 'वी आर ऑन द गेट' केलं.

"ऑन म्हणजे गेटाच्या वर चढून बसलात," मी म्हटलं. "गेटापाशी असाल तर ॲट."

मागच्या रांगेतला तो मान डोलवणारा उठला. लांबट चेहऱ्याचा, पूर्वी काळीपिवळी चालवायचा. "म्हंजे माकड ऑन द गेट, आन् आपण ॲट द गेट."

"बरोबर."

"मंग साहेब कुठी?"

"साहेब इन द ऑफिस."

"आन् कामावर?"

"ॲट वर्क."

"ते तर मंग चुकीचंच झालं, मॅडम," तो म्हणाला आणि बसला.

या ड्रायव्हरने मला त्या वर्गात जिवंत ठेवलं. ज्या गाडीत उठून फिरता येतं तिला ऑन, आणि ज्यात कोंबून बसवतात तिला इन, असा मी ढोबळ नियम सांगितला, तर त्याने विचारलं, "काळीपिवळीले काय लावू? आत बारा जण, टपावर सहा." मी सांगितलं की आतल्यांना इन लाव, टपावरच्यांना ऑन. "आन् जो मागच्या शिडीले लटकते?" त्याच्यासाठी इंग्रजीने अजून काही काढलेलं नाही, असं मला कबूल करावं लागलं.

बाय आणि विथची पाळी आली. आपल्याकडे दोघांनाही एकच 'ने' पुरतो. मी सांगितलं, करणारा असेल तर बाय, हत्यार असेल तर विथ.

"साहेबाच्या सहीनं नोकरी गेली, तर?"

"सही विथ. साहेब बाय."

"म्हंजे दोन्ही लागते माणसाले घालवाले."

खोली हसली. एक बाई हसली नाही. खिडकीजवळ बसायची, तिशीतली, काटक, डोक्यावरचा पदर कानामागे खोचलेला. वर्गात सगळ्यांत लवकर तिला यायचं. बिटवीन आणि अमंग, इन आणि इनटू, अबव्ह आणि ओव्हर, जे माझ्या कॉलेजच्या मुलांना वर्षभर जमलं नाही ते ती एकदा ऐकून उचलायची. का ते मला पुढे कळलं. जंगलात राहणाऱ्याला आवाज झाडामागून आला की झाडावरून, याचा फरक व्याकरणाच्या आधी कळलेला असतो.

आणि तरी तिचं एक उत्तर कायम चुकायचं.

मी तक्त्यावर काठी ठेवायचे. "व्हेअर इज द टायगर?"

"द काऊ इज बिहाइंड द बॉक्स."

खोक्यामागे वाघ हसत होता. वर्गही.

मी एका मोठ्या कागदावर बांबूचं चित्र काढलं. त्याच्या आड पट्टे काढले, कुणालाही कळतील असे. "व्हेअर इज द टायगर?"

"द काऊ इज बिहाइंड द बांबू."

"इच्या जंगलात गाईच गाई वो मॅडम," ड्रायव्हर म्हणाला. पण या वेळी त्याच्या बोलण्यात चेष्टा नव्हती. तो तिच्याकडे बघतही नव्हता. तेव्हाच मला काहीतरी कळायला हवं होतं, पण मी बिहाइंड बरोबर आलं यावर खूश होते.

जेवणाच्या सुट्टीत ती हातपंपावर डबा धूत होती. मी विचारलं, "वाघाला गाय का म्हणतेस?"

ती डबा धूतच राहिली. "मॅडम, आमच्या गावात त्याचं नाव घेत नाई. आन् नाव घेतलं तरी एकवेळ चालते. पन तो कुठी आहे ते सांगत नाई. जागा सांगितली की त्याले बोलावणं गेलं म्हनतात."

"पण बाकीचे तर सांगतात. तुझ्याच गावचे आहेत."

"ते म्हनतात इंग्रजीत त्याले समजत नाई." ती किंचित हसली. "त्याले नसन समजत. पन ज्याच्या घरचं मानूस त्यानं नेलं, त्यानं तर नाईच सांगायचं. कोन्त्याच भाषेत नाई."

तेव्हा कळलं. मागच्या मोहफुलाच्या हंगामात तिचा नवरा पहाटे फुलं वेचायला गेला होता. तो परत आला नाही. लोक जाऊन जे सापडलं ते घेऊन आले. कुठे सापडलं ते गावात कुणी बोलत नाही. 'तिकडे' म्हणतात. त्या घराने ती जागा उच्चारली की घरातलं दुसरं माणूस मागितलं जातं, अशी समजूत आहे. तिच्या घरात दुसरं माणूस म्हणजे तिची मुलगी होती, पाचवीतली.

मी शिकलेली बाई आहे. असल्या समजुतींवर माझा विश्वास नाही. पण वाघ वाकलेल्या माणसावर येतो, म्हणून वेचणाऱ्यांनी डोक्यामागे मुखवटे बांधावेत असं खात्याने एकदा सांगितलं होतं, आणि ते मी गंभीरपणे वाचलं होतं. तेव्हा कुणाच्या समजुतीला हसायचं, हा प्रश्नच आहे.

"मग गाईडचं काम तू कशाला घेतलंस? गाईडला तेच तर सांगावं लागतं."

"मले वाकून जंगलात जायचं नाई आता," ती म्हणाली. "सरपन आनाले, फुलाले, पानाले, सारं वाकूनच करा लागते. गाडीत बसून जाईन. उंच. आन् हे काम लागलं तर पोरगीले माह्यासोबत न्यावं लागत नाई. आता नेते मी तिले. एकटीनं गेली तर कोन पाहीन मागून? ती उभी राह्यते, मी वेचते."

ती जे सांगत होती ते मला दिसलं. पाचवीतली मुलगी झाडाखाली उभी, आईच्या पाठीकडे पाठ करून, झुडपांवर नजर ठेवून. तिच्या जंगलात राहण्याची ही पद्धत होती, आणि तिला ती मोडायची होती. त्यासाठी तिच्यापुढे एकच परीक्षा होती आणि त्यात एकच प्रश्न.

मी तिला म्हटलं, "परीक्षेत एकदाच म्हण. द टायगर इज अंडर द ट्री. चित्रातला वाघ आहे, कागदाचा."

"पाहते," ती म्हणाली. आपल्याकडे 'पाहते' म्हणजे नाही.

परीक्षेला साहेब स्वतः आले, सोबत मुंबईहून आलेले एक पाहुणे. चहा, बिस्किटं, सत्काराचे नारळ. मी बाजूला बसले. साहेब तक्त्यावर बोट ठेवायचे आणि विचारायचे. ड्रायव्हर उठला आणि त्याने घडाघडा सगळ्या खोक्यांतले वाघ सांगून टाकले, वर 'वेलकम टू अवर जंगल, सर' जोडलं. पाहुणे खूश झाले.

तिची पाळी आली. साहेबांनी तक्त्याशेजारी चिकटवलेल्या माझ्या बांबूच्या चित्रावर बोट ठेवलं. "व्हेअर इज द टायगर?"

ती थांबली. मी तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर विनवल्यासारखं झालं असतं.

"द काऊ," ती म्हणाली, "इज बिहाइंड द बांबू."

"काऊ?" साहेब हसले. "नीट बघ. काय आहे हे?"

"काऊ, सर."

"अगं, पट्टे दिसत नाहीत तुला?" त्यांनी पाहुण्यांकडे बघून खांदे उडवले. "गाईडला वाघ ओळखता येत नाही. आता बोला."

पत्र्यावर ऊन तापलं होतं आणि तो मधूनमधून टणटण वाजत होता. साहेबांनी पेन उचललं. ती तशीच उभी होती, हात पदरात गुंडाळून. तिने आणखी एक शब्द म्हटला नसता, याची मला खात्री आहे.

ड्रायव्हर मागून म्हणाला, "सर, तिले चांगला ओळखू येते. तिच्या नवऱ्याले त्यानंच नेलं."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. त्यांचा चेहरा खरोखर उतरला. मी म्हटलं ना, ते वाईट माणूस नव्हते. "सॉरी," ते म्हणाले. "मला कुणी सांगितलं नाही." मग पाहुण्यांना त्यांनी इंग्रजीत सगळं सांगितलं. ड्रायव्हरने त्यात जागा न सांगण्याची रीत घातली, कारण त्याला वाटलं त्याने तिची बाजू भक्कम होईल. पाहुण्यांनी चहाचा कप ठेवला आणि म्हणाले, "बट दिस इज इनक्रेडिबल."

तिथून सगळं माझ्या डोळ्यांदेखत फिरलं. पाहुणे म्हणाले, लोक वाघ बघायला येतात, पण वाघासोबत राहणं म्हणजे काय ते त्यांना कुणी सांगत नाही. साहेब म्हणाले, अगदी. पाहुणे म्हणाले, ही बाई सांगू शकते. साहेब म्हणाले, हा तर आपला यूएसपी होऊ शकतो. मग ते तिच्याकडे वळले, आणि आवाज मऊ करून म्हणाले, "हे बघ, तू पास. पण गेस्टना तू तुझी स्टोरी सांगायची. इंग्रजीत. मिस्टर कुठे होते, काय करत होते, ते कुठून आलं. थोडक्यात. इमोशनल, पण शेवट पॉझिटिव्ह. मॅडम तुला बसवून देतील."

मॅडम म्हणजे मी.

ती म्हणाली, "हो, सर."

दुसऱ्या दिवशी बाकीच्यांना सुट्टी होती. पत्र्याच्या खोलीत आम्ही दोघीच. मुलीला तिने बरोबर आणलं होतं. ती बाहेर ओट्यावर गणितं करत होती. मी दार लोटून घेतलं.

"तो कुठे बसला होता?" मी विचारलं, आणि शब्द तोंडातून गेल्यावर कळलं की हा प्रश्न मी आजवर हजारदा विचारला आहे, मांजराबद्दल.

ती हातांकडे बघत राहिली.

"नको सांगूस," मी म्हटलं. "खरी जागा नकोच. त्यांना गोष्ट हवी आहे ना? मग गोष्ट सांग."

"खोटी?"

"जागा खोटी. माणूस खरा."

तिने बराच विचार केला. "खोट्या जागेले काही होत नाई ना, मॅडम?"

"ते तुमच्या गावाला ठाऊक. मला फक्त इंग्रजी येतं."

हे ऐकून ती हसली, पहिल्यांदाच मोकळं. "मंग नाला घ्या. गेटातून पुढं गेलं की पूल लागते, त्यो नाला. तिथी तो आयुष्यात कधी गेला नव्हता."

आणि आम्ही बसलो. मी विचारायचे, ती ठरवायची. खडकावर बसला होता की खडकापाशी? खडकावर. ऑन अ रॉक. नाल्यात? नाही, कडेला. बाय द स्ट्रीम. बायचा हा आणखी एक अर्थ तिला नवा होता. "मारनाऱ्याले बाय, आन् बाजूलेही बाय?" मी म्हटलं, हो, गरीब भाषा आहे, तेच शब्द फिरवून वापरतात.

मग तो आला. ती थांबली.

"नाव नको," मी म्हटलं. "'इट' म्हण. इट केम फ्रॉम बिहाइंड."

"'इट' म्हंजे?"

"ते. कुठलंही ते."

"ते चालते," ती म्हणाली. "इट केम फ्रॉम बिहाइंड." तिने दोनदा म्हणून पाहिलं.

"मग त्याला कुठे नेलं?"

"बांबूत."

"इन आणि इनटू," मी सांगितलं, कारण दुसरं काय सांगणार होते. "इन म्हणजे आधीच आत. इनटू म्हणजे बाहेरून आत."

"बाहेरून आत," ती म्हणाली. "ओढत."

"हो."

"मंग इनटू."

इट टुक हिम अक्रॉस द स्ट्रीम, इनटू द बांबू. नाल्याच्या पार, बांबूच्या आत. तिचा उच्चार स्वच्छ होता. मी वाक्यं फळ्यावर लिहून लगेच पुसत गेले. तिला लिहून ठेवायचं नव्हतं.

"डबा उघडा होता म्हना," ती मध्येच म्हणाली.

"द टिफिन वॉज ओपन. त्याच्या बाजूला? बिसाइड हिम?"

"बाजूले नाई." ती भिंतीकडे बघत होती. "हातात होता. हातातच होता."

"इन हिज हँड."

"इन हिज हँड," ती म्हणाली.

हा डबा कोणत्या जागेचा, ते मी विचारलं नाही. मी पुसलेल्या फळ्यावर पुन्हा डस्टर फिरवलं. बाहेरून मुलीने हाक मारली की गणित येत नाही. ती उठून गेली आणि तिला भागाकार समजावून परत आली, आणि आम्ही पॉझिटिव्ह शेवटाला लागलो. तो तिने चटकन पाठ केला. नाऊ आय वर्क फॉर द फॉरेस्ट. फॉर आणि इनमध्ये तिने घोळ केला नाही.

त्यानंतर मी हिवाळ्यात पुन्हा गेले, दुसऱ्या तुकडीला शिकवायला. जीपमध्ये न्यायला ड्रायव्हरच आला होता, आता सफारीची गाडी चालवणारा, खाकी शर्ट, छातीवर बिल्ला. मी तिची चौकशी केली.

"ती गाडीत नसते आता," तो म्हणाला.

"का?"

"सुरुवातीले होती. चांगली करे. तिले माह्याच गाडीवर दिलं होतं. वानर ओरडलं की ती माह्या खांद्याले हात लावे, मी गाडी थांबवो. एक दिवस तो डाव्या बाजूनं निघाला, इथून तिथं इतक्या जवळून. गेस्ट म्हनाले, व्हेअर, व्हेअर? तिनं मान खाली घातली. मीच सांगितलं. पन ते उजव्या बाजूले पाहत होते, तोवर तो गेला. त्यायनं लिहून दिलं, गाईडनं वाघ दाखवला नाई म्हनून."

"आणि साहेब?"

"साहेबानं तिले काढलं नाई. गेटवरच बसवलं." त्याने गिअर बदलला. "ॲट द गेट."

तिकीटघराशेजारी आता बसायला शेड झाली होती, पंखा, बाक, थंड पाण्याचं यंत्र. मागे जंगलाचा मोठा नकाशा आणि त्यात पुलाजवळ एक लाल ठिपका. गाड्या सुटायच्या आधी पाहुणे इथे थांबतात, तेव्हा ती उभी राहून सांगते. नाल्यापाशी खात्याने छोटा ओटाही बांधला आहे. गाड्या तिथे दोन मिनिटं थांबतात, लोक टोप्या काढतात, काही जण पैसे ठेवतात. ते पैसे कुणाचे यावर गावात बैठक झाली म्हणे, पण ते ड्रायव्हरने हसत सांगितलं, तेव्हा खरं किती ते ठाऊक नाही.

मी शेडच्या मागच्या बाकावर बसले. ती सांगत होती. ऑन अ रॉक. बाय द स्ट्रीम. फ्रॉम बिहाइंड. एकही चूक नव्हती. एका बाईने डोळे पुसले. एका गृहस्थाने नकाशावर जागा दाखवायला सांगितलं, आणि तिने न अडखळता लाल ठिपक्यावर बोट ठेवलं. मग एका मुलाने विचारलं, आज वाघ दिसेल का, आणि सगळे गाड्यांकडे निघाले.

शेड रिकामी झाल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. अंगावर नवी साडी होती, पायात चपला.

"पोरगी?"

"शाळेत. सातवीत जाईन आता. सरपन विकत घेते मी."

"वाकून जावं लागत नाही ना?"

"नाई." ती म्हणाली. "जंगलात पाय नाई ठेवला कितीक दिवसांत."

"मग बरं झालं."

"बरंच झालं, मॅडम." तिने पाण्याची बाटली उघडली, पण प्यायली नाही. "एक होते फक्त. रोज सांगा लागते ना. कधी तीनदा, कधी पाचदा. आता डोळे मिटले की तो मले खडकावरच दिसते. नाल्यापाशी. तिथी तर तो कधी गेलाच नव्हता." तिने बाटलीचं झाकण लावलं. "खरं कुठी होता ते आठवून पाहा लागते. आन् ते तर कोनाले सांगता येत नाई. मुलीलेही नाई. मी विसरली तर मंग..."

ती थांबली. मला जे येतं त्यातलं तिच्या कामाचं सगळं शिकवून झालं होतं.

फाटकाबाहेर दुसऱ्या गाड्या येऊन लागल्या. गार्डने शिट्टी वाजवली. नवे लोक शेडमध्ये शिरले, टोप्या, दुर्बिणी, लहान मुलं. तिने पदर खांद्यावर घेतला, नकाशापाशी जाऊन उभी राहिली आणि सगळे बसेपर्यंत थांबली.